हिराच्या मापाचा कामठा

बोटं गेल्यापासून रतनला एका जागी बसवत नव्हतं. सकाळचा चहा झाला की तो दारात उभा राही, तिथून रस्त्यापर्यंत जाई, कालव्याकडे बघे, परत येई आणि अजून चहा आहे का म्हणून विचारी. हडपसरच्या कारखान्यात तो ओतकामाचे लाकडी साचे करायचा. उन्हाळ्यात पट्टीच्या करवतीनं उजव्या हाताची दोन बोटं नेली, अंगठ्याशेजारचं आणि मधलं. जखम सुकून तो परत गेला तोवर त्याच्या बाकाच्या जागी संगणकावर चालणारं यंत्र आलं होतं. "याला सुट्टी लागत नाही," मालक हसत म्हणाला होता. रतनही हसला होता आणि मग घरी आला होता.

घर मांजरी गावच्या जुन्या गावठाणाच्या कडेला, बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत. दोन खोल्या आणि पुढं पत्र्याचा आडोसा. घरात तो, त्याची बायको हिरा आणि आई सत्यशीला. मुलगी साताऱ्याला नर्सिंग शिकत होती. घर आता हिराच्या कामावर चालत होतं. कालव्याच्या पलीकडे उसाचं एक रान भाड्यानं घेऊन तेजस्विनी नावाच्या बाईनं तिरंदाजीचं मैदान काढलं होतं. शनिवार-रविवार तिथं मगरपट्ट्याचे नोकरदार लोक शिकायला येत. हिरा मैदान झाडायची, गवत काढायची, निशाणात रुतलेले बाण उपटून आणायची.

डिसेंबरातल्या एका दुपारी मैदानावर कोणी नव्हतं. हिरानं झाडू भिंतीला टेकवला, मांडणीवरचं एक धनुष्य उचललं आणि बाण लावला. पहिला बाण कापडाच्या पडद्यात गेला. दुसरा निशाणाच्या काठाला लागला. नंतरचे मात्र एकमेकांच्या जवळ जवळ जाऊन बसले. ती बाण काढायला वळली तर तेजस्विनी मागं उभी होती.

"हिराताई, कुठं शिकलात हे?"

"वेल्ह्याच्या वसतिगृहात. गुरुजी होते एक. बांबूच्या कामठ्यावर शिकवायचे. लग्नाच्या आधीचं आहे, मॅडम. चुकलं असेल तर सांगा, पुन्हा हात नाही लावणार."

"चुकलं नाही काही. स्पर्धेत उतरला होतात का कधी?"

"राज्याला गेले होते. तिथून आले आणि लग्न ठरलं."

तेजस्विनी तिच्या हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "फेब्रुवारीत खडकवासल्याला पारंपरिक धनुष्यांची स्पर्धा आहे. हे फायबरचं तिथं चालत नाही. बांबूचं हवं, हातानं केलेलं. तुमच्याकडे आहे?"

"नाही."

"मग बघा कुठं मिळतंय का."

हिरानं हे संध्याकाळी भाकरी थापता थापता सांगितलं. रतन दारात उभा होता. तो आत आला, परत दारात गेला, परत आत आला.

"मी करतो," तो म्हणाला.

सत्यशीला लसूण सोलत होती. तिनं वर बघितलं. "कंच्या हातानं?"

ती टोचून बोलली नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. पण रतन त्या रात्री अर्ध्या भाकरीवरून उठला.

दुसऱ्या दिवशी तो पीएमटीनं बुरूड आळीत गेला आणि कळकाचा एक जाड बांबू घेऊन, त्याची टोकं खिडकीबाहेर काढून, कंडक्टरची बोलणी खात परत आला. आडोशाखाली त्यानं बांबू चिरला. कामट्या काढल्या, त्या रंध्यानं पातळ केल्या. फोनवर बघून बघून त्यानं सगळं मनात बसवलं होतं. तीन थर एकमेकांवर चिकटवायचे. पाठीचा थर अखंड सालीचा, कारण ओढ सगळी सालीवर येते. मधला पातळ. पोटाचा थर विस्तवावर धरून कडक केलेला. लाकडाचा साचा करायचा, त्यावर तिन्ही थर बसवायचे आणि सायकलच्या जुन्या ट्यूबनं आवळून टाकायचे. साचा करणं हे तर त्याचं आयुष्यभराचं काम होतं. तो साचा त्यानं सुंदर केला.

रंधा मात्र त्याला धरता येत नव्हता. उजव्या हातात अंगठा आणि टोकाची दोन बोटं उरली होती. त्यांच्यात रंधा नीट बसत नसे. दाब दिला की तिरका होई, सटके. तो डाव्या हातानं करून बघी, मग पुन्हा उजव्यानं. हिरा घरी असली की तो रंध्याला हातच लावत नसे. ती कामावर गेली की लावी. सत्यशीला आतून ऐकत असे. रंधा चाले, थांबे, काहीतरी खाली पडे, आणि मग बराच वेळ अंगणात फक्त त्याच्या चपलांचा आवाज येई.

"मी धरू का एक बाजू?" हिरानं एकदा विचारलं.

"तुझं काम तू कर."

थर चिकटले, वाळले. दोरी चढवायचा दिवस आला तेव्हा हिरा घरी होती. भिंतीत ठोकलेल्या खुंटीवर त्यानं कामठा आडवा ठेवला, दोरीला सुतळी बांधली, ती खालच्या कप्पीतून घेतली आणि हळूहळू ओढू लागला. कामठा वाकला. दोन्ही बाजू सारख्या वाकत होत्या. हिराला आवडला. मग तिचं लक्ष पाठीवरच्या एका पेराकडे गेलं. पेराचा उंचवटा रंध्यानं सपाट झाला होता, आणि त्याच्याबरोबर हिरवट साल कापली जाऊन आतला पांढरा बांबू उघडा पडला होता.

"अहो, थांबा," ती म्हणाली.

तो थांबला नाही. फटाका वाजावा तसा आवाज झाला. कामठ्याचा वरचा तुकडा पत्र्याला लागला आणि खालचा रतनच्या भुवईवर. रक्त डोळ्यात उतरलं.

हिरानं ओला फडका आणला. त्यानं तो हिसकावून घेतला आणि स्वतःच दाबून धरला.

"बांबू ओला होता," तो म्हणाला. "आळीतल्या माणसानं फसवलं."

"पेरावर साल कापली होती."

"बांबू ओला होता म्हणतोय ना."

हिरा तुकडे गोळा करू लागली. पेराशी तुटलेला तुकडा तिनं त्याच्यासमोर धरला नाही. तो बाकीच्या तुकड्यांत मिसळून चुलीशेजारी ठेवला. रतनला ते दिसलं आणि त्याचा त्याला जास्त राग आला.

पण बांबू ओला होता हेही खोटं नव्हतं. बाजारातला बांबू मुरायला वर्ष जावं लागतं आणि स्पर्धा तोंडावर आली होती. दोन दिवस रतन गावभर फिरला. तिसऱ्या दिवशी तो घाईनं घरी आला आणि उभ्यानंच म्हणाला, "गेनबातात्याचा गोठा."

गेनबा गावातला जुना शेतकरी. त्याच्या पोरांनी राहिलेलं रान आणि वाड्यामागची जागा एका बिल्डरला दिली होती. म्हशी विकल्या होत्या. रिकामा गोठा उभा होता आणि त्याच्या छपराचे वासे जुन्या कळकाचे होते. डास जावेत म्हणून त्या गोठ्यात रोज संध्याकाळी शेणीची धुरी होई. इतक्या वर्षांच्या धुरानं वासे तपकिरी, टणक झाले होते. भुंगासुद्धा शिवला नव्हता. रतननं कुंपणावरून हात घालून, छपराबाहेर आलेला एक वासा बोटाच्या पेरानं वाजवून बघितला होता.

"तात्या म्हणतो, गोठा उतरवून द्या, लागतील ते वासे न्या. सोमवारी जेसीबी येतोय. त्याच्या आत."

सत्यशीला भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "त्या आवारात जायाचं न्हाई."

"आई, आता कुठं ते राहिलंय."

"तुझ्या आज्ज्यानं त्यांची मेलेली गुरं वढायचं सोडलं तवा गावानं कामाला बलावणं बंद केलं. मानसं उपाशी ऱ्हायली. पर त्या गोठ्याच्या दारात पुन्हा गेली न्हाईत. आन तू आपल्या पायानं चाललास गोठा सावरायला."

"सावरायला नाही, मोडायला चाललोय."

"त्यांचंच काम हाय न्हवं?"

रतननं चपला पायात सरकवल्या. तो दारात गेला. हिरानं तवा उतरवला. "आत्या," ती म्हणाली, "मी जाते यांच्याबरोबर. मला पाहिजे आहे तो बांबू. मागायला मी जाते असं समजा."

सत्यशीलानं तोंड भिंतीकडे केलं.

सकाळी दोघं गेले. थंडी होती, उसाच्या पाचटाचा धूर रानावर पसरला होता. गेनबा आवारात बाजेवर बसला होता, कानटोपी घालून.

"या. समदं जपून उतरवा बरं का," तो म्हणाला. "मोडायचंच हाय, पर आदळू नका. ह्यो मी आन माझ्या बापानं बांधलाय."

रतन शिडीवर चढला. पत्रे सुटे करून त्यानं खाली दिले, हिरानं ते रचले. मग वाशांच्या गाठी सोडवायच्या. काथ्याच्या गाठी धुरानं दगडासारख्या झाल्या होत्या. रतन एका हातानं वासा धरी आणि दुसऱ्या हाताच्या तीन बोटांत कोयता धरून गाठ कापू बघे. कोयता दोनदा खाली पडला. दोन्ही वेळा हिरानं तो उचलून वर दिला. तिसऱ्यांदा पडला तेव्हा ती स्वतःच शिडीवरून वर गेली आणि त्यानं वासा धरला, तिनं गाठी कापल्या. तसं काम भराभर होऊ लागलं.

दुपारी गेनबाच्या सुनेनं चहा आणला. गेनबाला स्टीलच्या पेल्यात, त्या दोघांना कागदाच्या कपात.

रतननं कप घेतला आणि एका घोटात संपवून बाजूला ठेवला. हिरानं कप हातात धरून ठेवला.

"तात्या," ती म्हणाली, "तुम्हालाही कागदाचाच द्यायला सांगत जा. सुनबाईंचा घासायचा त्रास वाचेल."

सून दारातच थांबली. गेनबानं पेल्याकडे बघितलं, मग हिराकडे. "मला कागदाचा वास येतो," तो म्हणाला.

"मलाही येतो," हिरा म्हणाली. तिनं कप कठड्यावर ठेवला, न पिता, आणि शिडीवर चढली.

रतन तिच्यामागून चढला आणि पुढचा वासा धरला. खाली उतरल्यावर तो हळूच म्हणाला, "कशाला बोललीस? बांबू न्यायचाय अजून."

"बांबू काय फुकट नेतोय? गोठा उतरवतोय आपण."

दुसऱ्या दिवशी चहा आलाच नाही, ना पेल्यात ना कपात. पण गेनबा बाजेवरून उठला आणि शेवटचा लांब वासा उतरवताना त्यानं स्वतः खालचं टोक धरलं. वासा जमिनीवर आल्यावर त्यानं तो दोन्हीकडून वाजवला. "ह्यो न्या आधी," तो म्हणाला. "ह्यो लई जुना. पोरं म्हनत्यात, तात्या, फ्लॅटमदी लिफ्ट हाय. लिफ्टमदी वासा बसत न्हाई."

घरी सत्यशीलानं वाशांकडे बघितलं नाही. "च्या दिला का त्यांनी?" तिनं विचारलं.

"काल दिला. आज नाही दिला," हिरा म्हणाली.

"का?"

हिरानं सांगितलं. सत्यशीलाच्या खांद्यांना हसू फुटलं आणि डोळ्याला पदर लावून ती कितीतरी वेळ हसत राहिली. "कागदाचा वास येतो म्हने," ती म्हणाली. "चिरा आता तो बांबू. उनात ठिऊ नका, तडकंल."

या खेपेला दोघांनी मिळून काम केलं. रतननं रंधा कामटीवर ठेवला आणि हिरानं येऊन पुढची मूठ धरली, इतकंच. तो डोळ्यानं सांगे, ती ओढी. पाठीच्या सालीला हत्यार लागू द्यायचं नाही, पेराचा उंचवटा तसाच राहू द्यायचा. पोटाच्या कामट्या सत्यशीलानं चुलीवर शेकल्या. भाकरी शेकावी तशी ती त्या उलटसुलट करी आणि रंग आला की पुढं सरकवी. एपॉक्सीचा गोंद लावून, साच्यावर बसवून, ट्यूबनं आवळून झाल्यावर रतनला दम निघेना. दिवसातून कितीदा तरी तो ट्यूबच्या कडेनं नख घालून बघे.

"सोडू का?"

"नाही."

"वाळलंय."

"तुम्ही वाळलाय. ते नाही वाळलं."

साचा सुटला तेव्हा कामठा सरळ, जड आणि ओबडधोबड होता. आता खरं काम. हिरा कप्पीची सुतळी ओढी, रतन समोर बसून वाक बघे. वरची बाजू ताठ राहते, इथं खरवडायचं. खालची लवकर वाकते, तिला हात लावायचा नाही. काचेच्या तुकड्यानं पोटाचा पापुद्रा पापुद्रा काढायचा आणि पुन्हा ओढायचं. काच त्याला धरता येत होती. डाव्या हातानं तो खरवडे आणि उजव्याच्या अंगठ्यानं जाडी चाचपे. संध्याकाळपर्यंत दोघांच्या मांड्यांवर बांबूचा भुगा साचलेला असे. हिराचे तळवे सुतळीनं सोलवटले. शेवटी तिनं कामठा हातात घेतला, दोरी हनुवटीपर्यंत आणली आणि धरली. दोन्ही बाजू एकाच गतीनं आल्या. रतननं काच खाली ठेवली.

"याच्यापुढं ओढायचं नाही," तो म्हणाला. "तुझा हात इथं संपतो, त्याचाही इथं संपतो."

ती कामठा घेऊन मैदानावर गेली तेव्हा रतन बरोबर होता. तेजस्विनीनं कामठा हातात घेतला आणि उलटसुलट करून बघितला. वाशाचा तपकिरी रंग उन्हात तांब्यासारखा दिसत होता.

"रतनदादा, तुम्ही तर आर्टिस्ट आहात. खरंच. याला मार्केट आहे. बेंगळुरूचे एक सर येतायत शनिवारी, त्यांना असंच हवंय. हे त्यांना सॅम्पल म्हणून देऊ. आवडलं तर ते बऱ्याच ऑर्डरी आणतील."

"देऊ की," रतन म्हणाला.

हिरा निशाणाशी बाण काढत होती. तिला ऐकू गेलं नाही. घरी जाताना रतननं सांगितलं. तो आज झपझप चालत होता, हात हलवत बोलत होता. आडोशाला भिंत घालू, दुसरा साचा करू, गेनबाचे उरलेले वासे आहेतच.

हिरा रस्त्यात थांबली. "शनिवारी दिला तर रविवारच्या स्पर्धेत मी कशानं मारू?"

"तुला दुसरा करतो."

"दोन दिवसांत?"

"पुढच्या वर्षी आहेच की स्पर्धा. हिरा, त्या बाईनं मला आर्टिस्ट म्हटलं. बोटं गेल्यापासून मला कुणी काहीच म्हटलेलं नाही."

"मला विचारायचं होतं."

"घरासाठीच करतोय ना?"

"मग मी काय, सुतळी ओढायला होते?" हिरा म्हणाली. तिनं आवाज चढवला नाही. बाजूनं एक डंपर गेला आणि दोघांच्या अंगावर धूळ बसली. ती पुढं निघाली. शनिवारपर्यंत ती त्याच्याशी कामापुरतं बोलली. सत्यशीलाला सगळं कळलं होतं. तिनं लेकाच्या ताटात भाकरी टाकताना ती लांबूनच टाकली.

शनिवारी रतननं इस्त्रीचा शर्ट घातला. बेंगळुरूचा माणूस उंच होता, चांगला हसतमुख. त्याचे हात गुडघ्यापर्यंत येतील असे लांब. त्यानं कामठ्यावरून हात फिरवला, "ब्यूटिफुल," म्हणाला, आणि बाण लावला. हिरा बाजूला बाणांचा भाता धरून उभी होती.

त्या माणसानं दोरी ओढली. हनुवटीपर्यंत आणली. रतननं तिथं थांबेल असं धरलं होतं. दोरी हनुवटीच्या मागं गेली, गालावरून कानाकडे गेली. कामठ्याचा वाक कधी नव्हता तेवढा झाला. रतन तीन ढांगांत पोचला आणि आपल्या तुटक्या हातानं त्यानं त्या माणसाचं कोपर धरलं.

"थांबा. ओढू नका. हळूच पुढं न्या."

तो माणूस दचकला. दोरी त्यानं हळूच सैल केली. त्यानं कोपरावरच्या हाताकडे बघितलं आणि नजर काढून घेतली.

"काय झालं?" तेजस्विनी म्हणाली.

"हा कामठा यांना चालायचा नाही. हा हिराच्या हाताच्या मापाचा आहे. यांचा हात लांब आहे. मोडेल."

"हे आधी सांगायचं ना, रतनदादा."

"सांगायला पाहिजे होतं," रतन म्हणाला. "द्यायलाच नको होता. उद्या तिची स्पर्धा आहे."

उंच माणूस "नो प्रॉब्लेम" म्हणाला. त्यानं कामठ्याबरोबर एक फोटो काढला आणि कॉफी प्यायला तेजस्विनीबरोबर आत गेला. ऑर्डरीचं कोणी काढलं नाही. रतन मैदानाच्या कडेकडेनं फिरत राहिला. हिराचं काम संपेपर्यंत तो तसाच फिरत होता. मग दोघं घरी निघाले.

"कॉफीचे कप विसळून मी आले असते, तुम्ही थांबला नसता तरी चाललं असतं," हिरा वाटेत म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "उद्या पहाटे निघायला लागेल. दोन बस बदलायच्या आहेत."

खडकवासल्याच्या पाण्यावरून वारा येत होता. मैदान धरणाच्या अंगाला होतं. कुठून कुठून लोक आले होते, साड्या नेसलेल्या बायका, शाळेच्या मुली, मिशीवाले म्हातारे. हिरानं पदर खोचला. तिचा पहिला बाण वाऱ्यानं नेला. दुसरा खाली पडला. मग तिनं वारा मोजला आणि बाण निशाणाच्या मधल्या पिवळ्या ठिपक्याजवळ जाऊ लागले. रतन मागच्या दोरीशी उभा होता, या पायावरून त्या पायावर होत.

मधल्या फेरीत त्याला ते ऐकू आलं. दोरी सुटल्यावर कामठ्यातून बारीक टक असा आवाज. बाकी कोणाला कळलं नसतं. पुढच्या बाणाला पुन्हा टक. फेरी संपल्यावर तो धावत गेला, कामठा हातात घेतला आणि पोटावरून अंगठा फिरवला. मुठीच्या खाली केसासारखी रेघ होती.

"टिचलाय," तो म्हणाला. "कालचं आहे. त्यानं ओढला तेव्हाच गेला असणार." तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "माझ्यामुळं."

"किती टिकेल?"

"सांगता येत नाही. पुढच्या बाणाला जाईल, नाहीतर नाही जाणार. हिरा, तोंडावर फुटला तर डोळा जाईल. थांब."

हिरानं कामठा त्याच्या हातून घेतला. तिनंही रेघेवर बोट ठेवलं. तेजस्विनी कोणाचं तरी बांबूचं धनुष्य मागून घेऊन जवळ आली होती. तिनं ते पुढं केलं. हिरानं नको म्हणून मान हलवली.

"याची सवय आहे मला," ती म्हणाली. मग रतनला म्हणाली, "मी पूर्ण ओढणार नाही. थोडं अलीकडे सोडीन, नेम वर धरीन. पण तुम्ही बघू नका. तुम्ही हलता, ते मला दिसतं."

"मी हलत नाही."

"तिकडं तोंड करा."

तो दोरीमागं गेला आणि पाण्याकडे तोंड करून उभा राहिला. पाण्यावर बगळे होते. मागं नाव पुकारलं. दोरीचा आवाज, टक, आणि लांब निशाणावर धप्प. त्याची पाठ ताठ झाली. पुन्हा दोरी, पुन्हा टक, पुन्हा धप्प. एकदा टक जरा मोठं झालं आणि त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. शेजारची एक शाळकरी मुलगी त्याच्याकडे टकमक बघू लागली. मग लोकांचा गलका झाला, टाळ्या झाल्या, आणि हिरानं येऊन त्याच्या दंडाला हात लावला.

"संपलं. बघा आता."

त्यानं आधी तिचा चेहरा बघितला, मग कामठा. रेघ चांगली बोटभर लांब झाली होती आणि तिथला थर किंचित उचलला होता.

"अजून एक ओढला असता ना," तो म्हणाला.

"नाही ओढला," हिरा म्हणाली. ती तिथंच गवतावर बसली. तिनं दोन्ही हात मांडीखाली घेतले.

बायकांच्या पहिल्या तिघींत तिचं नाव नव्हतं. ते चौथं होतं आणि चौथं नाव माईकवरून घेत नाहीत. तेजस्विनीनं येऊन सांगितलं. हिरानं भाकरीचं फडकं सोडलं. रतन दोन घास खाऊन उठला आणि पुरुषांची फेरी बघायला गेला. परत आला, पुन्हा गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा तिच्याजवळ उकिडवा बसला.

"तिथं एक म्हातारा आहे, पौडाकडचा," तो म्हणाला. "तो बोटांनी ओढत नाही. अंगठ्यात दोरी अडकवतो. चामड्याचं कडं घालतो अंगठ्याला आणि ओढतो. मी विचारलं त्याला. तो म्हणाला, बोटं लागतच नाहीत. अंगठा पाहिजे फक्त."

हिरा त्याच्याकडे बघत राहिली. त्याला तिचं बघणं सोसलं नाही. तो गवत उपटू लागला.

"नाही, आपलं सांगितलं," तो म्हणाला.

संध्याकाळी ते बस थांब्यावर आले. चौपाटीवर गर्दी होती. कणसं भाजत होती, पोरं घोड्यावर बसत होती, गाड्या अडकल्या होत्या. हिरानं कामठ्याची दोरी उतरवून हातावर गुंडाळली होती. बस दिसत नव्हती. रतन थांब्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत होता.

"अहो, इकडं या," हिरा म्हणाली. तिनं दोरी सोडली. "हात पसरा."

"कशाला?"

"माप घेते."

"इथं? लोक बघतायत."

"बघू द्या. पुरे पसरा, बोटांपर्यंत."

तो तसाच उभा राहिला क्षणभर. मग त्यानं डावा हात बाजूला नेला, आणि नंतर उजवा. हिरानं दोरीचं एक टोक त्याच्या डाव्या हाताच्या बोटांशी धरायला दिलं आणि दोरी छातीवरून ओढत उजव्या हाताकडे आली. बोटं नव्हती तिथं ती थांबली. तिनं दोरी अंगठ्याच्या टोकाला नेली आणि चिमटीत पकडली. कणीस खाणारं एक जोडपं वळून बघत होतं. लांबून बसचा हॉर्न आला. थांब्यावरची माणसं पिशव्या उचलून पुढं सरकली, कोणीतरी रतनच्या हाताखालून वाकून गेलं.

"बस आली," रतन म्हणाला.

"हलू नका," हिरा म्हणाली. ती दोरीला गाठ मारत होती.

तो हलला नाही.